दीड हजार, अर्धे तिकीट आणि एक रुपया

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. मार्च २०२३ मध्ये महिलांचे एसटीचे तिकीट अर्ध्यावर आले. त्याच वर्षी खरिपाचा पीक विमा एका रुपयात मिळू लागला आणि केंद्राच्या वार्षिक सहा हजारांवर राज्याचे सहा हजार शेतकऱ्याच्या खात्यात पडू लागले. जुलै २०२४ मध्ये तर योजनांची रांगच लागली. ‘लाडकी बहीण’चे दरमहा दीड हजार, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज, मुलींना मोफत व्यावसायिक शिक्षण आणि प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचे आरोग्यकवच हे सारे त्या एका महिन्यातले. २०२५ उजाडले तसा सरकारचा मोर्चा महसूल खात्याकडे वळला आणि मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणारी ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली.

आधी एकनाथ शिंदे आणि ५ डिसेंबर २०२४ पासून देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वाखालच्या या सरकारांची ही कामगिरी समर्थकांना लोककल्याणाचे नवे पर्व वाटते, विरोधकांना रेवडी. लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत सत्ताधारी महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या आणि त्यानंतर महिन्याभरात योजनांचा पाऊस पडला. नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा तिच्या तीन मुख्य पक्षांनी जिंकल्या. हा क्रम कोणापासून लपलेला नाही. पण मतांसाठी आणलेली योजना निकामीच असते असे नाही, आणि मते मिळाली म्हणून ती चांगली ठरते असेही नाही. एकेक योजना हातात घेऊन ती कोणापर्यंत पोचली, कशी पोचली, तिचा पैसा कोठून आला आणि सरकारचे मन बदलले तर लोकांच्या हाती काय उरेल, हे पाहावे लागते.

बहिणीचे दीड हजार

सुरुवात अर्थातच ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’पासून. तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी २८ जून २०२४ रोजी अतिरिक्त अर्थसंकल्पात ती जाहीर केली आणि १ जुलैपासून ती लागूही झाली. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये अशीच योजना आली होती. पश्चिम बंगाल, कर्नाटक आणि तामिळनाडूनेही महिलांच्या खात्यात दरमहा पैसे टाकायला सुरुवात केलेली होती. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या स्त्रियांना महिना दीड हजार, असा महाराष्ट्राचा आराखडा होता.

पहिल्या आठवड्यातच तलाठी कार्यालये आणि सेतू केंद्रांपुढे उत्पन्नाच्या व अधिवासाच्या दाखल्यांसाठी झुंबड उडाली. सरकारने चटकन पावले मागे घेतली. अधिवासाच्या दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला चालेल असे ठरले. पिवळ्या आणि केशरी कार्डधारकांना उत्पन्नाचा दाखला माफ झाला, पाच एकरांची अट निघाली आणि वयोमर्यादा साठवरून पासष्टवर गेली. निवडणूक जवळ होती हे खरे, पण या माघारीत एक मोठी कबुलीही होती. आपलाच दाखला सामान्य बाईला वेळेत मिळत नाही, हे शासनाने त्या आठवड्यात न बोलता मान्य केले. तो दाखला शिष्यवृत्तीसाठी, निराधार योजनेसाठी आणि कॉलेजच्या प्रवेशासाठी वर्षानुवर्षे तसाच मागितला जात होता आणि पुढेही मागितला गेला.

अर्ज भरण्याचे ओझे मुख्यतः अंगणवाडी सेविकांवर पडले. पात्र अर्जामागे पन्नास रुपये देण्याचे ठरले होते. ऑगस्टच्या मध्याला, रक्षाबंधनाच्या तोंडावर, पहिल्या दोन महिन्यांचे तीन हजार एकदम जमा झाले. काही आठवड्यांत कोटीहून अधिक खात्यांत पैसे पोचवणे ही प्रशासकीय कामगिरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पुढे लाभार्थींची संख्या दोन कोटी चाळीस लाखांच्या घरात गेली. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातून न जाता थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात येणारा पैसा, मग तो कितीही कमी असो, घरातल्या बोलण्याचा सूर बदलतो. ज्या बाईने आयुष्यात बँकेचा उंबरा ओलांडला नव्हता, ती पासबुक भरून घ्यायला रांगेत उभी राहिली.

गोंधळ झाला तो छाननीच्या वेळेत. पैसे आधी वाटले गेले आणि पात्रता नंतर तपासली गेली. निवडणूक पार पडल्यावर चारचाकी कोणाकडे आहे, एका घरातून किती अर्ज आहेत, दुसऱ्या योजनेचा लाभ कोण घेते, याची पडताळणी सुरू झाली. जुलै २०२५ पर्यंत २६ लाखांहून अधिक जणांचे लाभ स्थगित झाले. त्यांत पुरुषांची नावे निघाली, सरकारी नोकरीतल्या महिलाही निघाल्या. सप्टेंबर २०२५ पासून सर्वांना ई-केवायसी सक्तीची झाली आणि तिच्यासाठी पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. पती वारलेली, वडीलही नसलेली किंवा नवऱ्याने टाकलेली बाई तिथेच अडली, आणि दीड हजारांची सर्वात जास्त गरज तिलाच होती. ओरड झाल्यावर मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली आणि अशा महिलांसाठी वेगळी सोय करावी लागली.

याच राज्यात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना चालू आहे. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने ग्रासलेले असे लोक तिच्यात येतात. तिचे अनुदान २०२३ मध्ये हजारावरून दीड हजारावर आले, म्हणजे लाडकी बहीण योजनेइतकेच. पण तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे २१ हजार रुपये, महिन्याला १,७५० रुपये. दीड हजारांसाठी एका बाईला अडीच लाखांपर्यंतची मोकळीक आणि त्याच रकमेसाठी निराधार बाईला तहसीलदाराचा २१ हजारांचा दाखला. या आकड्यांत तर्क शोधून सापडणार नाही. एक योजना निवडणुकीच्या घाईत लिहिली गेली आणि दुसरी कोणी पुन्हा उघडून पाहिली नाही, एवढेच त्याचे स्पष्टीकरण.

कंडक्टरच्या हातातली योजना

‘लाडकी बहीण’च्या गाजावाजात झाकली गेलेली, पण माझ्या मते या काळातली सर्वात नेटकी योजना म्हणजे एसटीचे अर्धे तिकीट. तेव्हा अर्थमंत्री असलेल्या फडणवीसांनी ९ मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात ती जाहीर केली आणि १७ मार्चपासून राज्यभर ती सुरू झाली. साध्या लालपरीपासून शिवनेरीपर्यंत सगळ्या गाड्यांत ती चालते. अर्ज नाही, दाखला नाही, खाते जोडणी नाही. बाई गाडीत चढते, कंडक्टर मशीनमधून अर्धे तिकीट काढतो आणि लाभ तिथल्या तिथे पदरात पडतो. उत्पन्न कोणी विचारत नाही, त्यामुळे खोटे सांगण्याचाही प्रश्न येत नाही. श्रीमंत बाई फायदा घेईल ही भीती फोल आहे, कारण ती बहुधा स्वतःच्या गाडीने जाते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांची मोफत सवलत २६ ऑगस्ट २०२२ पासून अशीच चालली आहे, तिथे फक्त वयाचा पुरावा दाखवावा लागतो.

तालुक्याच्या बाजाराला भाजी नेणारी, दवाखान्यात सासूला घेऊन जाणारी, माहेरी दोन दिवस जाऊन येणारी बाई आता वडापच्या जीपऐवजी एसटीची वाट पाहते. तोट्यातल्या एसटीलाही यातून प्रवासी मिळाले, कारण सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देते. २०२१ च्या ऑक्टोबरपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपाने एसटीची प्रवाशांशी असलेली नाळ तुटते की काय असे वाटत होते. ती पुन्हा जुळण्यात या सवलतीचा वाटा मोठा आहे.

तरी अर्ध्या तिकिटाला गाडी लागते. जून २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी एसटीची श्वेतपत्रिका काढली. तीत महामंडळाचा संचित तोटा १०,३२२ कोटी रुपये दाखवला आहे. गाड्यांचा ताफा वर्षानुवर्षे आटत गेला, अनेक गाड्यांचे आयुष्य संपत आले आणि कित्येक गावांची मुक्कामी गाडी बंद पडली. जिथे दिवसातून एकदाही एसटी येत नाही, तिथल्या बाईला अर्धे तिकीट काय आणि पूर्ण काय? त्यातच जानेवारी २०२५ मध्ये तिकीटदर १४.९५ टक्क्यांनी वाढले. नव्या गाड्यांच्या खरेदीला सवलतीइतकेच महत्त्व मिळाले तरच ही योजना गावोगाव खरी ठरेल.

एका रुपयाची किंमत

एसटीच्या योजनेचे नेमके उलटे टोक म्हणजे एक रुपयाचा पीक विमा. पंतप्रधान पीक विमा योजनेत शेतकऱ्याने विमा संरक्षित रकमेच्या खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्के आणि नगदी पिकांना पाच टक्के हप्ता भरायचा असतो. २०२३ च्या खरिपापासून हा हिस्सा राज्याने उचलला आणि शेतकऱ्याने फक्त एक रुपया द्यायचा, असे ठरले. हेतू चांगला होता. कोरडवाहू शेतकरी हप्त्याच्या पैशाअभावी विम्याबाहेर राहतो, हा अनुभव जुनाच. पहिल्याच खरिपात अर्जांची संख्या एक कोटी सत्तर लाखांच्या आसपास गेली. त्या वेळी कोणी शंका घेतली असती तर तो शेतकरीविरोधी ठरला असता.

मग हळूहळू चित्र उलगडले. एका रुपयात अर्ज होत असल्याने खोटा अर्ज करणाऱ्याच्या खिशाला काहीच झळ नव्हती. अर्ज भरणाऱ्या केंद्राला मात्र विमा कंपनीकडून प्रत्येक अर्जामागे चाळीस रुपये मिळत होते, म्हणजे जितके अर्ज तितकी कमाई. गायरानावर, सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर, एवढेच काय अकृषक जागांवरही पिके उभी असल्याचे दाखवून विमे उतरवले गेले. लाखो बोगस अर्ज बाद करावे लागले आणि काही केंद्रचालकांवर कारवाई झाली. एप्रिल २०२५ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने एक रुपयाची योजना गुंडाळली. शेतकऱ्याचा हिस्सा पूर्ववत झाला आणि भरपाई प्रामुख्याने पीक कापणी प्रयोगांच्या आधारे देण्याचे ठरले. पेरणीच न होणे, हंगामाच्या मधली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान या निकषांवर मिळणारे संरक्षण त्यासोबत गेले.

खोटे अर्ज रोखायचे तर अर्जामागच्या कमिशनची आणि सातबाऱ्याशी पडताळणीची व्यवस्था बदलायला हवी होती. छाटले गेले ते संरक्षण. त्याची किंमत काही महिन्यांतच दिसली. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर परिसरात अतिवृष्टी आणि महापूर आला. धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे उभे सोयाबीन पाण्यात सडले, सीना आणि मांजराकाठच्या जमिनी खरडून गेल्या. एका गावात पाणी घुसले आणि शेजारच्या गावात नाही, अशा वेळी महसूल मंडळाच्या सरासरीवर बेतलेली भरपाई हाती काही देत नाही. ७२ तासांत कंपनीला कळवून पंचनामा करून घेण्याचा, कटकटीचा का होईना, जो मार्ग होता तो त्या खरिपात बंद होता.

सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहू पिकाला हेक्टरी साडेआठ हजार आणि रब्बीच्या तयारीसाठी आणखी दहा हजार, तीन हेक्टरांपर्यंत. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतचे काम. रक्कम मोठी होती आणि ती संकटाच्या वेळी आली, हे मान्य. पण पॅकेज ही मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठरणारी गोष्ट असते. विमा हा करार असतो, आणि कराराचे पैसे शेतकरी कोर्टात जाऊन मागू शकतो. पॅकेजचे काय मागणार? कर्जमाफीबाबतही असेच झाले. महायुतीच्या जाहीरनाम्यातल्या आश्वासनासाठी शेतकऱ्यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये शेतकरी नेते बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली नागपूरचा महामार्ग अडवावा लागला, तेव्हा ३० जून २०२६ पूर्वी निर्णय घेण्याची तारीख मिळाली.

बिल शून्य की वीज दिवसा?

शेतीच्या विजेत सरकारने दोन वाटा एकाच वेळी धरल्या आहेत. पहिली वाट मोफत विजेची. साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे पंप असलेल्या ४४ लाख शेतकऱ्यांचे बिल एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे सरकार भरणार आणि त्यासाठी दरवर्षी १४,७६० कोटी रुपये लागणार. मात्र यातले बरेच शेतकरी आधीही बिल भरत नव्हते. थकबाकीचा डोंगर वाढत होता आणि महावितरण अधूनमधून रोहित्र बंद करत होती. शून्य बिलाने ही कटकट संपली. पण रात्री दोनला मोटार चालू करायला बांधावर जाणाऱ्या, साप-बिबट्याच्या भीतीने हातात बॅटरी धरणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न बिलाचा नव्हताच. त्याला वीज दिवसा हवी होती.

त्याचे उत्तर दुसऱ्या वाटेवर आहे. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’मध्ये उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर त्यांच्यावर चालवायचे आणि सोळा हजार मेगावॉटपर्यंत जायचे, असे उद्दिष्ट आहे. प्रकल्पासाठी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा तीन मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये यातला पहिला म्हणून सुरू झाला. या विजेचा दर युनिटला सुमारे तीन रुपये पडतो, म्हणजे महावितरणच्या सरासरी खरेदीपेक्षा बराच स्वस्त. शेतकऱ्याला दिवसा वीज, सरकारला कमी अनुदान आणि उद्योगांच्या माथी पडणारा क्रॉस सबसिडीचा भार हलका असा तिहेरी फायदा देणारी योजना विरळाच. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही तिची जोडयोजना. तीत शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींनी पाच टक्के हिस्सा भरायचा असतो. खोल बोअरला पंप पुरत नाही, दुरुस्तीला कंपनीचा माणूस येत नाही, या तक्रारी आहेत, पण त्या सोडवता येण्यासारख्या आहेत. जाहिरातीत मोफत वीज पुढे आणि सौर फीडर मागे, असा क्रम राहिला. गुणवत्तेने तो उलटा असायला हवा होता.

पाच लाखांचे कार्ड आणि तालुक्याचे रुग्णालय

आरोग्यात सर्वात मोठा बदल कागदावर फार साधा आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य असे नाव घेतलेली योजना गरिबांपुरती आणि दीड लाखांपुरती होती. ती १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सर्व रहिवाशांना खुली झाली आणि मर्यादा पाच लाखांवर गेली. तत्पूर्वी, १५ ऑगस्ट २०२३ पासून, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत सर्व उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. बायपास, डायलिसिस, कर्करोग, मूत्रपिंड प्रत्यारोपण यांसाठी घर गहाण टाकावे लागू नये, हा या कवचाचा खरा उपयोग, आणि अनेकांना तो झाला आहे.

मात्र योजनेत सामील असलेले रुग्णालय जवळ असले तरच कवच उपयोगी पडते. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरला पर्याय आहेत. दुर्गम तालुक्यात मात्र योजनेतल्या रुग्णालयापर्यंतचा प्रवासच उपचाराइतका अवघड असतो. शिवाय ही योजना भरती झालेल्या रुग्णाची. मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांवर जाणारा घरखर्च तिच्या कक्षेत येत नाही. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ मृत्यू झाले आणि त्यांतली निम्मी नवजात बाळे होती. औषधांची टंचाई, रिक्त पदे, आसपासच्या जिल्ह्यांतून शेवटच्या घटकेला पाठवले जाणारे रुग्ण या सगळ्यांची चर्चा तेव्हा झाली. औषध खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा त्याच वर्षी आला होता. विम्याची मर्यादा तिपटीहून वाढवायला एक निर्णय पुरला. बालरोगतज्ज्ञाची जागा भरायला तेवढे पुरत नाही.

फुकटात झालेले बदल

मुलींसाठीच्या योजनांत ‘लेक लाडकी’ दूर पल्ल्याची आहे. १ एप्रिल २०२३ नंतर पिवळ्या-केशरी कार्डाच्या घरात जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने, शेवटी अठराव्या वर्षी ७५ हजार धरून, एकूण १ लाख १ हजार मिळायचे आहेत. मोठी रक्कम २०४१ नंतर द्यायची असल्याने तिचा हिशेब आजच्या कोणत्याच मंत्र्याला चुकवावा लागणार नाही. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा जुलै २०२४ चा निर्णय मात्र लगेच फळ देणारा आहे. अभियांत्रिकी किंवा फार्मसीला भावाला पाठवायचे की बहिणीला, हा हिशेब घरात मांडला जातो तिथे तो वजन टाकतो. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र घराच्याच अंगावर आहे आणि गाव सोडून शिकणाऱ्या मुलीला तोच जास्त जाचतो.

या काळातले काही चांगले बदल जवळजवळ फुकट झाले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे आणि आडनाव असा क्रम आला. एकट्या आईसाठी शाळेच्या अर्जावरची ती एक रिकामी जागा किती त्रासाची होती, हे तिलाच ठाऊक. तहसीलमध्ये द्याव्या लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांवरचा पाचशेचा मुद्रांक २०२५ मध्ये माफ झाला. बुलढाणा जिल्ह्यात सुरू होऊन एप्रिल २०२५ मध्ये राज्यभर गेलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लागू लागली. आजोबांच्या नावचा सातबारा असला की पीककर्ज अडते, विमा अडतो, अनुदान अडते. वारस नोंदीसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालणाऱ्या घराला या मोहिमेने जे दिले, त्याची बरोबरी कोणताही एक हप्ता करू शकत नाही.

रस्ते आणि रेल्वेचा उल्लेख केल्याशिवाय आढावा पुरा होणार नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये आणि मुंबईची भुयारी ‘मेट्रो-३’ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. टोलमाफी सोडली तर ही कामे वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांच्या काळात पसरलेली आहेत आणि त्यांचे श्रेय एकाला देणे अवघड आहे.

पैसा कोणत्या खिशातून?

१० मार्च २०२५ ला मांडलेल्या अर्थसंकल्पात खर्च सुमारे सात लाख कोटी, महसुली जमा ५ लाख ६० हजार कोटी, महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटी अशी आकडेवारी होती. राज्याचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. राज्याच्या सकल उत्पन्नाच्या तुलनेत हे प्रमाण एकोणीस टक्क्यांच्या आत होते आणि अनेक राज्यांपेक्षा बरे होते, हे सरकारचे म्हणणे खोटे नव्हते. काळजीची बाब महसुली तूट ही आहे, कारण चालू खर्चासाठी कर्ज काढले जाते असा तिचा अर्थ. लाडकी बहीणसाठी सुरुवातीला वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज होता. २०२५-२६ साठी तरतूद झाली ३६ हजार कोटींची. हा हप्ता २,१०० रुपये करण्याच्या निवडणुकीतल्या आश्वासनाला या अर्थसंकल्पात जागा मिळाली नाही.

ओढाताण दिसू लागली ती इतर खात्यांत. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी लाडकी बहीणकडे वळवले गेले, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या पैशाने अनुसूचित जाती-जमातींच्या बहिणींनाच हप्ता दिला, असे उत्तर आले. पण वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्यांसाठी राखलेला निधी मासिक हप्त्याकडे गेला की भरपाईची वाट वसतिगृहातला मुलगा पाहतो. दिवाळी-गुढीपाडव्याला शंभर रुपयांत मिळणारा ‘आनंदाचा शिधा’ २०२५ मध्ये गाजावाजा न करता थांबला. तो शासन निर्णयाने आला होता. एक रुपयाचा विमाही शासन निर्णयाने आला आणि तसाच गेला. उद्या लाडकी बहीण थांबवायची ठरली, तर विधिमंडळात मतदान घ्यावे लागणार नाही. मंत्रालयातून निघालेले एक परिपत्रक पुरेल.

हमी म्हणजे काय

महाराष्ट्राला याहून वेगळी वाट ठाऊक आहे, कारण ती त्यानेच देशाला दाखवली. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला. मग १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने भरायचा, सरकारने त्यात आपली भर घालायची आणि तो पैसा गावातल्या कामावर लावायचा. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागण्याचा हक्क कायद्यात होता, तो देण्याचा पैसा करात होता आणि काम न मिळाल्यास बेकारभत्ता द्यावा लागत होता. पुढे चाळीस-पन्नास वर्षांत सरकारे आली-गेली. हा कायदा कोणी मागे घेतला नाही आणि २००५ मध्ये केंद्राने त्याच धर्तीवर देशव्यापी कायदा केला. अंमलबजावणीत भ्रष्टाचार झाला, मजुरी थकली, तरी मजूर तहसीलवर मोर्चा नेताना कृपा मागत नव्हता.

त्याच्याशी ताडून पाहिले की अलीकडच्या योजनांतले काय टिकेल याचा अंदाज येतो. सातबाऱ्यावर चढलेले वारसाचे नाव टिकेल, आईचे नाव टिकेल, सौर फीडर टिकेल, एसटीचे अर्धे तिकीटही बहुधा टिकेल, कारण ते मागे घेण्याची हिंमत कोणी करणार नाही. मासिक हप्ता टिकेल की नाही, हे प्रत्येक अर्थसंकल्पात नव्याने ठरेल. लाभार्थीला अगोदर तपासून, एकदा पात्र ठरल्यावर निश्चित तारखेला पैसे देणारी आणि निराधार व लाडकी बहीण यांच्यातली विसंगती मिटवणारी एकच योजना कायद्याने करणे हा त्यावरचा रास्त उपाय आहे. त्याला वेळ लागेल.

तोवर हाताशी एक अवजार आहेच. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम सांगतो की अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळाली पाहिजे, नाही तर वरिष्ठांकडे दोन अपिले, त्यानंतर आयोग आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारांपर्यंत दंड. दाखले, नोंदी, परवाने या यादीत आहेत. ‘लाडकी बहीण’चा अर्ज मंजूर किंवा नामंजूर करण्याची मुदत, हप्त्याची तारीख, लाभ बंद करण्यापूर्वी लेखी कारण देणे आणि निराधार अनुदानाचा निकाल या गोष्टी त्याच यादीत घालायला नवा कायदा लागत नाही, अधिसूचना पुरते. आजघडीला हप्ता कधी येणार हे बातम्यांतल्या अंदाजावरून कळते आणि दोन महिन्यांचे पैसे कधी एकदम येतात. ती तारीख विचारण्याचा आणि ती चुकली तर कोणालातरी दंड लावण्याचा अधिकार बाईच्या हाती आला, तर पुढच्या सरकारने योजनेचे नाव बदलून आपल्या नेत्याचा फोटो लावला तरी तिचे फारसे काही बिघडणार नाही.